आत दोन लीलाधर

लीलाधर फेगडे यांना कोणी भांडखोर म्हटलं असतं, चिक्कू म्हटलं असतं, तर ते एकवेळ हसले असते. पण त्या दिवशी ऑफिसातल्या संगणकाने त्यांना चक्क 'दोन' म्हटलं, आणि तेव्हापासून त्यांच्या जिवाला थारा राहिला नाही.

धुळ्यात देवपूर भागातल्या एका कॉलेजात लीलाधरभाऊ कार्यालयीन अधीक्षक होते. मुलांच्या हजेरीपासून अंतर्गत परीक्षेच्या गुणांपर्यंत कॉलेजचं सगळं काम एका सॉफ्टवेअरवर चालायचं. प्रत्येकाने आपापल्या नावाने आत शिरायचं, आपापली माहिती भरायची, आणि सगळ्यात शेवटी लीलाधरभाऊंनी 'मंजूर' नावाचं बटण दाबायचं. हे बटण अख्ख्या कॉलेजात दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. प्राचार्य कामिनीमॅडमकडे केबिन होती, केबिनला एसी होता, पण बटण नव्हतं. ही गोष्ट लीलाधरभाऊ कोणाला बोलून दाखवत नसत. लोकांच्या लक्षात आपोआप यावी एवढ्या बेताने वागत, इतकंच.

सुरुवात अगदी साधी झाली. सिस्टिम हळू चालायला लागली. पान उघडायला एवढा वेळ लागे की शिक्षक मंडळी तेवढ्यात कँटीनला जाऊन येत, आणि पान उघडलेलं असे तेव्हा ती परत आलेली नसत. लीलाधरभाऊंनी सॉफ्टवेअर कंपनीच्या सैफला फोन लावला. हा सैफ नाशिकला बसून आठ-दहा कॉलेजांच्या तक्रारी ऐकायचा, त्यामुळे त्याच्या आवाजात कायम डॉक्टरची शांतता असे. तो म्हणाला की लोक काम झाल्यावर बाहेर पडत नाहीत, तसेच आत राहतात, त्याने गर्दी होते. सध्या आत कोण कोण आहे ते बघायचं एक पान असतं, ते उघडा आणि उगाच बसलेल्यांना बाहेर काढा.

लीलाधरभाऊंनी पान उघडलं. नावांची यादी, प्रत्येक नावापुढे एक हिरवा ठिपका, आणि ठिपक्यापुढे 'बाहेर काढा'.

माणसाच्या हातात अशी वस्तू द्यायला नको होती. त्या दिवसापासून लीलाधरभाऊंचं कामात लक्ष लागेना. एक पत्र टाइप केलं की यादी बघायची, एक सही केली की यादी बघायची. लोक क्रिकेटचा स्कोअर बघतात तसं त्यांचं चाले. चारुदत्त सर तासावर आहेत म्हणून सांगतात आणि ठिपका तर हिरवाच आहे. ग्रंथपाल तबस्सुममॅडम बरोबर वेळेवर आत येतात, पण जेवणाच्या सुट्टीतही बाहेर पडत नाहीत, म्हणजे डबा खाताना करतात तरी काय? असे प्रश्न त्यांना पडू लागले, आणि पडलेले प्रश्न ते त्या त्या माणसाला विचारू लागले. माणसं वैतागली. शेजारच्या टेबलावर फीचं काम बघणारा हेमराज तर एकदा सरळ म्हणाला, "लीलाधरभाऊ, तुम्ही आमची राखण करता. तुमची कोण करतं?"

हे वाक्य त्यांना लागलं. आणि त्याच आठवड्यात यादीत ते प्रकरण निघालं.

आजवर दुसऱ्यांची नावं बघण्याच्या नादात त्यांनी स्वतःचं नाव कधी शोधलंच नव्हतं. त्या दिवशी ठिपक्यांवरून नजर खाली उतरत गेली आणि थांबली. लीलाधर फेगडे. त्याच्याखाली पुन्हा लीलाधर फेगडे. दोघांपुढे हिरवा ठिपका, दोघेही आत, आणि ते तर एकटेच खुर्चीत बसलेले.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं, चष्मा पुसला आणि दुसऱ्याला हाकलायचं ठरवलं. पण दोघांतला दुसरा कोणता? यादीत तर दोघं मान ताठ करून सारखेच उभे. त्यांनी वरच्या नावापुढचं 'बाहेर काढा' दाबलं, आणि पडदा क्षणात पांढरा होऊन त्यांनाच नाव आणि पासवर्ड विचारू लागला. म्हणजे त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःला हाकललं होतं, आणि तो दुसरा आत आरामात बसला होता. ते घाईघाईने परत शिरले आणि या खेपेला खालच्याला काढलं. गेला. पण ऑफिसात चहा येईपर्यंत गडी परत हजर. चिवट माणूस होता. मनातल्या मनात लीलाधरभाऊंना त्याचं जरा कौतुकही वाटलं, कारण नाव शेवटी त्यांचंच होतं.

पण कौतुक टिकलं नाही. अंतर्गत गुणांची मंजुरी तोंडावर आली होती. या दुसऱ्याने आत बसून कोणाचे गुण वाढवले आणि 'मंजूर' दाबलं, तर चौकशीत नाव कोणाचं निघणार? नाव, ठिपका, बटण, सगळं लीलाधर फेगडे. सैफ म्हणाला, घरचा संगणक चालू राहिला असेल. घरी संगणक नव्हता. मग फोन असेल, म्हणाला. फोन तर भाऊंच्या खिशातच होता, आणि त्यावर तोवर त्यांनी सिस्टिम कधी उघडलीच नव्हती. तरी त्यांनी घरी जाऊन बायकोला आडून आडून विचारलं, की माझ्या नावाने तू कुठे काही करतेस का.

चारुलताताई वांगी भाजत होत्या. "तुमच्या नावाने मी हे घर चालवते," त्या म्हणाल्या, "त्याच्यावर आणखी कॉलेज चालवायला मला वेळ कुठे आहे?"

त्यांच्या बिल्डिंगमध्ये गोष्ट जिन्याने वर जायला लागली की जिन्याआधी पोहोचते. संध्याकाळपर्यंत दोन सल्ले आले. वरच्या मजल्यावरच्या बँकेतल्या गृहस्थांनी पासवर्ड बदलायला सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या शेहजादभाईंचं इलेक्ट्रिकचं दुकान होतं, त्यांचा सल्ला त्यांच्या धंद्याला धरून होता. म्हणाले, मेन स्विच बंद करा. जो आतला आहे तो विझेल, जो बाहेरचा आहे तो जळत राहील. पहिला सल्ला शहाणपणाचा होता, पण त्यात काही मजा नव्हती. लीलाधरभाऊंनी दुसरा उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कामाला लागल्यावर ते जिन्याखालच्या मीटरपाशी गेले, इकडेतिकडे पाहिलं आणि मेन स्विच खाली ओढला. आतून एकदम कलकलाट झाला. कामिनीमॅडम विद्यापीठाला लिहीत असलेलं लांबलचक पत्र सेव्ह न होता गेलं, ते त्यांना नंतर कळलं. त्या क्षणी ते फोनवर यादी बघत होते. एकेक ठिपका विझत गेला. तबस्सुममॅडम गेल्या, चारुदत्त सर गेले, हेमराज गेला. शेवटी सगळ्या कॉलेजात दोनच माणसं उरली. लीलाधर फेगडे आणि लीलाधर फेगडे.

म्हणजे हा माणूस ऑफिसच्या संगणकावर नाही. बाहेर कुठेतरी फोन घेऊन बसलाय. त्यांनी जिन्याखालून मान काढली, तर समोर कडुनिंबाच्या सावलीत हेमराज जरा बाजूला उभा. हातात फोन. आणि तो फोनकडे बघून हसत होता.

एरवी लीलाधरभाऊ विचारी माणूस. पण कित्येक दिवस अस्वस्थ असलेल्या माणसाला पुरावा मिळाला की विचार मागे राहतो आणि पाय पुढे जातात. ते तरातरा झाडाखाली गेले. दिवे गेल्यामुळे बाहेर आलेली सगळी मंडळी तिथेच होती, आणि फी भरायला आलेले पालकही होते. "हेमराज," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझ्या नावाने आत बसायची एवढीच हौस असेल तर अधीक्षक हो की. कोणी अडवलंय?"

हेमराजने फोन त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर त्याची मुलगी होती, पुनम. शिरपूरला हॉस्टेलवर राहून फार्मसी शिकणारी. डोक्याला ओला रुमाल, अंगात ताप, आणि बाप तिला हसवत होता. तिने विचारलं, "पप्पा, कोण रागावलंय तुमच्यावर?"

"कोणी नाही बेटा," हेमराज म्हणाला. "ऑफिसचं आहे."

पालकांपैकी कोणीतरी घसा खाकरला. लीलाधरभाऊंना तिथून निघायचं होतं, पण निघायला वाट सगळ्यांच्या मधूनच होती.

त्या दिवसापासून हेमराजने त्यांच्याशी बोलणं सोडलं. नुसतं सोडलं नाही, टेबल उचलून भिंतीकडे तोंड करून लावलं, म्हणजे लीलाधरभाऊंना दिवसभर त्याची पाठ दिसावी. कामिनीमॅडमनी दोघांना आत बोलावलं. गेलेल्या पत्राचा राग त्यांनी आधी काढला, मग बोलल्या. पासवर्ड आजच्या आज बदला. गुरुवारी दुपारपर्यंत गुणांची मंजुरी गेली पाहिजे, नाहीतर सगळ्या मुलांचे निकाल अडकतील. आणि तुमच्या नावाने आत कोण बसत होतं, ते मला लेखी द्या.

भाऊंनी पासवर्ड बदलला, आणि तो असा भक्कम केला की बँकेतल्या गृहस्थांनीही कानाला हात लावावा. यावलकडच्या त्यांच्या केळीच्या मळ्याचं नाव उलट लिहिलं, त्यात आजोबांचं टोपणनाव घुसवलं, मधे चांदणी, पुढे डॉलर, कुठे मोठं अक्षर, कुठे छोटं. चारुलताताई म्हणाल्या, कुठेतरी लिहून ठेवा. ते म्हणाले, लिहिलेला पासवर्ड म्हणजे दाराला टांगलेली किल्ली. रात्री त्यांना शांत झोप लागली, आणि झोपेत पासवर्ड गेला.

गुरुवारी सकाळी चांदणी आजोबांच्या आधी होती की नंतर, ते आठवेना. आजोबा आठवले, मळा आठवला, मळ्यातली विहीर आठवली, चांदणी काही आठवेना. चुकत चुकत अखेरीस सिस्टिमने दार बंद केलं आणि लाल अक्षरांत कळवलं की आपली ओळख पटत नाही. कित्येक दिवस तो दुसरा त्यांच्या नावाने आरामात जा-ये करत होता, आणि खऱ्या लीलाधरला मात्र दारातून परत पाठवलं जात होतं. अपमान याला म्हणतात. झाडाखालचा त्याच्यापुढे काहीच नव्हता.

'पासवर्ड विसरलात?' दाबलं, तर ओटीपी गेला, पण भाऊंच्या फोनवर नाही. सैफने शोधून सांगितलं की हे खातं मुळात रतिलाल नानांचं. नाना म्हणजे लीलाधरभाऊंच्या आधीचे अधीक्षक. निवृत्त होऊन साक्रीला राहायला गेले, तेव्हा खात्यावरचं नाव बदललं, पण फोन नंबर बदलायचा राहिला. पासवर्डसुद्धा खुर्चीबरोबर मिळाला तोच इतकी वर्षं चालू होता. नंबर बदलायचा तर काय करावं लागेल, असं भाऊंनी विचारलं. सैफ म्हणाला, प्राचार्यांचं पत्र अपलोड करा. कुठून? अधीक्षकांच्या खात्यातून, आत शिरून.

मग नानांना फोन केला. नानांनी तो उचलला, 'ओटीपी' हा शब्द ऐकला आणि लगेच म्हणाले, "ओटीपी कोणले सांगानं नही. तुम्ही बठ्ठा चोर असंच बोलतस." फोन बंद केला, तो बंदच राहिला.

दुपार व्हायला वेळ नव्हता. एसटीच्या भरवशावर राहता येत नव्हतं, आणि लीलाधरभाऊंच्या स्कूटरला हमरस्त्याची सवय नव्हती. कामिनीमॅडमनी केबिनमधूनच हुकूम सोडला: हेमराज, मोटरसायकल काढा.

दोन न बोलणारी माणसं एका मोटरसायकलवर बसली की साक्रीचा रस्ता फार लांबतो. जादा हेल्मेट होतं ते पुनमचं, गुलाबी, त्यावर फुलं काढलेली. लीलाधरभाऊंनी ते निमूटपणे घातलं. रस्त्यात जेवढे खड्डे होते तेवढे हेमराजने घेतले. काही तर वाट वाकडी करून घेतले. नेरजवळ तो चहाला थांबला आणि एकच कप सांगितला. भाऊ हेल्मेट मांडीवर घेऊन बाकड्यावर बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "पुनमचा ताप?"

"उतरला," हेमराज म्हणाला. एवढंच.

साक्रीत आठवडी बाजार भरला होता. गर्दीतून वाट काढत, विचारत विचारत ते नानांच्या घरी पोहोचले. दारात बेबाबाई, नानांच्या पत्नी, गव्हाला ऊन दाखवत बसल्या होत्या. कॉलेजातून आलोय म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "बरं झायं तुम्ही उनात. कालपासून यास्नं काहीतरी बिघडेल शे. जेवत नही, झोपत नही, नुसता घरमा फेऱ्या मारतस."

आत नाना खरोखरच फेऱ्या मारत होते. एका हातात फोन, दुसरा हात पाठीमागे, पूर्वी ऑफिसात मारायचे तशाच. लीलाधरभाऊंना पाहून त्यांचा चेहरा फुलला आणि लगेच काळजीने भरला. "लीलाधर, बरं झायं तू उना. माले आत जाता येत नही रे. पासवर्ड चुकीना शे, म्हणस तो."

रस्ताभर भाऊंनी मनात काही वाक्यं तयार करून आणली होती. त्यांत विश्वासघात हा शब्द होता, कायदा होता, पोलीसही होते. त्यांतलं एकही बाहेर आलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "नाना, तुम्ही आत जाऊन करता काय?"

"काहीच नही. मी काहीच दाबत नही," नाना म्हणाले. "दहा वाजनात का उघडस आणि दखस. कोण उना, कोण नही उना. तुम्हनी नावे दिसनी का बरं वाटस. मंग जेवण गोड लागस." थोडं थांबून ते म्हणाले, "मधमा कोणीतरी माले बाहेर काढी टाके. मी परत यी जाऊ."

लीलाधरभाऊंनी हेमराजकडे पाहिलं नाही. हेमराज दारातल्या गव्हाकडे बघत होता.

भाऊ खाटेवर बसले. त्यांच्या मनात एक नको असलेला विचार आला: दिवसभर तीच यादी, तेच ठिपके, तीच तहान. फरक एवढाच की त्यांना त्याचा पगार मिळत होता, आणि तोही आता किती वर्षं?

पण वेळ नव्हता. त्यांनी नानांना सगळं नीट समजावून सांगितलं. मुलांचे निकाल अडकलेत म्हटल्यावर नाना एकदम जुने अधीक्षक झाले. त्यांनी चष्मा लावला, फोन हातात घेतला, आणि ओटीपी सांगण्याआधी लीलाधरभाऊंकडे ओळखपत्र मागितलं. गंमत नाही, खरोखर मागितलं. पाकिटातलं ओळखपत्र उजेडात धरून, फोटो आणि चेहरा दोनदा ताडून मगच आकडे वाचून दाखवले. नवा पासवर्ड टाकताना घरातल्या सगळ्यांनी भिंतीकडे तोंडं केली, बेबाबाईंनीसुद्धा.

विषयवार गुण भाऊंनी खाटेवर बसूनच तपासले. सगळं जिथल्या तिथे होतं, एका आकड्यालाही कोणाचा हात लागलेला नव्हता. पडद्यावर 'मंजूर' उजळलं. तेव्हा काय झालं त्यांना, त्यांनी फोन नानांपुढे धरला आणि म्हणाले, "नाना, तुम्ही दाबा."

नानांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "नही. ती तुनी खुर्ची शे आते. माना नंबर बी काढी टाक."

भाऊंनी बटण दाबलं आणि मॅडमकडून आणलेलं पत्र अपलोड करून नंबर बदलला. यादी उघडली तेव्हा त्यात एकच लीलाधर होता. इतके दिवस हेच तर हवं होतं. पण ते एकटं नाव बघून त्यांना काही समाधान वाटलं नाही. निघताना बेबाबाईंनी कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून दिला. नाना दारापर्यंत आले नाहीत. आत फेऱ्यांचा आवाज चालू होता.

परतीच्या वाटेवर हेमराजने खड्डे चुकवले.

शुक्रवारी कामिनीमॅडमनी सगळ्यांना बोलावलं. मंजुरी वेळेत गेली म्हणून आधी आभार मानले आणि मग विचारलं, "फेगडे, लेखी कुठे आहे? कोण होतं ते?"

हेमराज मागच्या रांगेत बसला होता. त्याला सगळं ठाऊक होतं, आणि झाडाखालच्या त्या अपमानाची सव्याज परतफेड करायला एक नाव पुरेसं होतं. सगळे लीलाधरभाऊंकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मीच होतो, मॅडम," ते म्हणाले. "जुना फोन कपाटात चालूच राहिला होता. माझ्याच नावाने मीच आत होतो, आणि मीच मला शोधत होतो."

हसण्याचा असा लोट आला की बाहेरून विद्यार्थी डोकावले. चारुदत्त सरांना ठसका लागला. कामिनीमॅडमनी हसू दाबायचा प्रयत्न केला, तो साफ फसला. लीलाधरभाऊ उभे होते, कान लाल, मान खाली. हसण्यात फक्त हेमराज नव्हता. हसणं थांबल्यावर तो उठून म्हणाला, "मॅडम, हेमराज पाटलांचा काही संबंध नाही, एवढं लिहून घ्या म्हणजे झालं." आणि दुपारी त्याने टेबल फिरवून पूर्वीसारखं लावलं.

त्यानंतर लीलाधरभाऊंनी ती यादी उघडायची सोडली, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. सोडली नाही. उलट आता ती रोज वाचली जाते, आणि मोठ्याने. दहाच्या सुमारास त्यांचा फोन वाजतो. साक्रीहून नाना विचारतात, कोण कोण उना? भाऊ नावं वाचतात. तबस्सुममॅडम आल्या, चारुदत्त सर आले, कामिनीमॅडम विद्यापीठात गेल्यात. पलीकडून प्रत्येक नावाला हुंकार येतो.

काल फोन आला तेव्हा हेमराज यायचा होता. वाचता वाचता भाऊ शेवटापर्यंत पोहोचले आणि नाना म्हणाले, "आणि हेमराज? तो पहिलेपासून लेट शे."

तेवढ्यात हेमराज दारात दिसला. बगलेत हेल्मेट, कपाळावर घाम, तोंडावर बोट.

"हेमराज?" लीलाधरभाऊ फोनमध्ये म्हणाले. "तो तर आज माझ्याही आधी आलाय, नाना."